झळ

भांडण असो की अपघात, कर्णिक मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला. "दोष कोणाचा ते नंतर. टाळणं कोणाला सोपं होतं?" आम्ही दोघी दुबईतल्या एकाच कॉलेजात शिकवायचो आणि शारजाच्या अल मजाज वस्तीतून रोज त्यांच्या गाडीनं जायचो. कुणी आडवी गाडी घातली की मी शिव्या द्यायचे आणि त्या हा प्रश्न विचारायच्या. मला वैताग यायचा. सकाळच्या त्या ट्रॅफिकमध्ये माणसाला दोषीच हवा असतो.

कायदा आणि अर्थशास्त्र हा जोडविषय जन्माला कसा आला, हे त्या शिकवत. आधी कायदेवाले आणि अर्थशास्त्रवाले एकमेकांच्या वाटेला जात नसत. मग काही अर्थशास्त्रज्ञ कोर्टाचे जुने निकाल वाचायला लागले. इंजिनाच्या ठिणगीनं शेत जळालं, तर रेल्वेनं इंजिन सुधारावं की शेतकऱ्यानं रुळापासून लांब पेरावं? कायदेवाले आधी हसले, मग चिडले आणि हळूहळू स्वतःच तसं विचारायला लागले. हे सांगताना मॅडमचा दमलेला आवाज जरा तरतरीत व्हायचा.

एकाच्या धंद्याचा तिसऱ्यालाच त्रास, म्हणजे एक्स्टर्नॅलिटी. त्याला 'बाह्यता' हा कोशातला शब्द त्यांना मुळीच पटत नसे. "पोळलेला माणूस बाह्यता म्हणतो का गं? झळ लागली म्हणतो." वर्गातही त्या झळच म्हणत. शेवटी एका मल्याळी मुलानं इंग्रजी उत्तरपत्रिकेत 'निगेटिव्ह झळ' असं लिहून टाकलं. ही कुठली थिअरी, असं बाहेरच्या परीक्षकानं डीनना विचारलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. डीन हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात गाडीत बसताच त्या म्हणाल्या, "माझं कायदा-अर्थशास्त्राचं इलेक्टिव्ह खलास. स्टुडंट्स नाहीत म्हणे. बिझनेस कम्युनिकेशन घ्या, व्हिसा रिन्यू करतो, असं डीन म्हणाले."

नाही म्हटलं तर पुण्याला परत जायचं. तिथं त्यांची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

"घ्या ना मॅडम," मी म्हटलं. "काय फरक पडतो? स्लाइड्स तयारच असतात."

त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाल्या, "मी फार थकलेय, मीनल. पण थकायचंच असेल, तर माणसानं आपल्या विषयात थकावं."

त्या उन्हाळ्यात मॅडम पुण्याला परत गेल्या. मला त्यांचा रागही आला आणि हेवाही वाटला. बिझनेस कम्युनिकेशनचा तो वर्ग घेणार का, असं डीननी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. स्लाइड्स खरंच तयार होत्या.