हिरव्या शिंगांचा पोळा

तीर्थपुरीच्या शीतलने लग्नानंतर बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि एक दिवस घरात सांगून टाकलं, की ती जालन्याच्या कॉलेजात पीएचडी करणार. नवरा अंगद म्हणाला, "कर की." सासूबाई द्वारकाबाईंनी मात्र विचारलं, "स्वतः मास्तरीण हायेस, आता आणिक काय शिकतेस?"

शिकायचं होतं अंधारात चमकणाऱ्या पावडरीबद्दल. स्ट्रॉन्शियम आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांत युरोपियम नि डिस्प्रोशियम ही दुर्मिळ मूलद्रव्यं अगदी किंचित घालायची, पेटायला युरिया मिसळायचा आणि सगळं भट्टीत ठेवायचं. मिश्रण भसकन पेटतं, फुगतं आणि मागे पांढरा फेस उरतो. तो खलायचा.

"म्हंजे कपाशीचा युरिया तू कॉलेजात जाळून राह्यलीस?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"चमचाभरच हो, आत्याबाई!"

पावडर हिरवी चमकायला हवी होती. शीतलची मात्र अतिनील दिव्याखाली लाल दिसायची आणि दिवा बंद केला की विझायची. दर खेपेला तेच. ती रडकुंडीला आली. तिचे सर म्हणाले, "युरोपियमला एक इलेक्ट्रॉन कमी पडतोय. तो मिळाला, की हिरवा उजेड. भट्टीतल्या ऑक्सिजनपासून जप त्याला."

मग शीतलने इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणला, कुटला, पावडरीची झाकण लावलेली मूस, म्हणजे भट्टीत टिकणारी वाटी, त्यात पुरली आणि पुन्हा भट्टी पेटवली. जळता कोळसा आजूबाजूचा ऑक्सिजन ओढून घेणार होता. मूस निवल्यावर तिने पावडर दिव्याखाली धरली, पडदे ओढले आणि दिवा मालवला. पावडर हिरवीगार उजळत राहिली. शीतल एकटीच खुदकन हसली.

थोडी पावडर तिने घरी आणली. द्वारकाबाईंनी कोठीच्या अंधारात बाटली न्याहाळली. "आत दिवा हाय का गं?"

"न्हाई. डिस्प्रोशियम उजेडाची ताकद धरून ठेवतं अन् हळूहळू सोडतं. त्यावर युरोपियम चमकतं."

"मंग पोळ्याला सर्जाच्या शिंगांना लाव. गेल्या साली अंधारात मोटारसायकलवाला धडकला व्हता त्याला."

शीतलला ही कल्पना बिलकुल सुचली नव्हती. पाण्याने पावडर खराब होते, म्हणून तिने ती व्हार्निशमध्ये कालवली. अंगदने सर्जा-राजाची शिंगं रंगवली आणि दुपारभर बैल उन्हात उभे केले. संध्याकाळी मारुतीसमोर मिरवणूक पोचली, दिवेलागण झाली आणि नेमकी लाइट गेली. काळे बैल दिसेनासे झाले, नुसती चार हिरवी शिंगं डोलत पुढे निघाली. पोरांनी एकच गिल्ला केला. वाजंत्री वाजवायचे थांबले.

"रेडियम लावलं वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

"रेडियम न्हाई, युरोपियम हाय!" गर्दीतून द्वारकाबाईंचा आवाज आला. "आमच्या सूनबाईनं बनवलंय!"

पुढच्या उन्हाळ्यात शीतलला पदवी मिळाली. आता ती त्याच कॉलेजात शिकवते.