दहा वारांचा अग्बादा

ओमानातल्या इब्रीच्या बाजारात, खजुराच्या दुकानांना लागून, जनार्दन मास्टरचं शिवणकामाचं दुकान आहे. माणूस मूळचा राजापूर तालुक्यातला. बावीस वर्षं तो ओमानी लोकांच्या दिशदाशा, म्हणजे पायघोळ सदरे, शिवतो आहे. कापड वाचवावं तर मास्टरने, अशी त्याची ख्याती. उरलेला तुकडा घडी घालून तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा आणि कौतुक नीट ऐकू यावं म्हणून जरा मान वाकडी करायचा.

मागच्या हिवाळ्यात ओयेदेले दुकानात आले. तेलविहिरींवर नोकरी, वय साठीच्या अलीकडे, आवाज ढोलासारखा. त्यांचा मुलूख नायजेरियातल्या योरुबा लोकांचा; तालुका इबारापा नॉर्थ, सगळा खेडवळ. आयेते, टापा आणि इगांगान ही त्यातली मोठी गावं. तिथल्या कसाव्याच्या शेतांचं, लाल मातीच्या रस्त्यांचं ते मोडक्या हिंदीत सांगत राहिले. माती लाल म्हटल्यावर जनार्दनने खुर्ची पुढे केली.

तिन्ही गावांची ओमानातली माणसं वर्षातून एकदा बौशरच्या एका हॉलमध्ये जमत, सगळी एकाच कापडाचे कपडे घालून. त्या वर्षी मान आयेतेचा होता आणि आयेतेचे वडीलधारे ओयेदेले. निळं कापड गावच्या बायकांनी हाताने रंगवून पाठवलं होतं. ओयेदेलेंच्या वाट्याला दहा वार. त्याचा अग्बादा शिवायचा होता: आत सदरा-विजार, वरून झगा. नमुन्यासाठी त्यांनी फोनवर फोटो दाखवला.

फोटो बघून मास्टरचा जीव हळहळला. बाह्या कसल्या, गलबताची शिडं ती. एवढं कापड नुसतं लोंबतंय म्हणजे तिकडच्या शिंप्याला बेतता येत नसणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि कात्री आपल्या मनाने चालवली.

बुधवारी ओयेदेले आले, तर झगा चापूनचोपून अंगाबरोबर, बाह्या मनगटापाशी संपलेल्या, आणि टेबलावर तीन वार कापड घडी घालून ठेवलेलं. मास्टरची मान वाकडी.

ओयेदेले आरशासमोर उभे राहिले. बाही खांद्यावर टाकायला त्यांनी हात उचलला. टाकण्याएवढी बाहीच नव्हती.

"मास्टर," ते हळूच म्हणाले, "शुक्रवारी टापाची माणसं मला असं बघतील आणि तिथूनच गावाला फोन लावतील. म्हणतील, आयेतेला कापड पुरलं नाही."

मास्टरची मान सरळ झाली. गावच्या पालखीला मानकरी आखूड पंचा नेसून आला तर खालची वाडी काय काय बोलेल, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. "उद्या संध्याकाळी या," एवढंच तो बोलला.

वाचवलेले तीन वार त्याने उभे फाडले आणि दोन्ही बाजूंना जोडले. बाह्या हातभर लांबल्या, पण जोड काही लपेना. मग दिशदाशाच्या गळ्याला घालतात तसलं पांढऱ्या धाग्याचं भरतकाम त्याने जोडावर वरपासून खालपर्यंत घातलं. गुरुवारचा सगळा दिवस त्यातच गेला. अर्बाब, म्हणजे दुकानाचा ओमानी मालक, दोनदा डोकावून परत गेला.

शुक्रवारी ओयेदेलेंनी मास्टरलाच गाडीत घातलं. हॉलमध्ये तरुण मंडळी त्यांच्यापुढे जमिनीला छाती टेकून नमस्कार घालत होती. ओयेदेले बाही खांद्यावर टाकत, ती ओघळे, ते पुन्हा ऐटीत वर टाकत. टापाचे एक म्हातारे जवळ आले, बाहीवरच्या पांढऱ्या भरतकामावरून बोट फिरवलं आणि हे कुठलं काम म्हणून विचारलं.

"आमच्या आयेतेच्या शिंप्याचं," ओयेदेले म्हणाले आणि मास्टरला पुढे ढकललं.

मास्टरने फोटो घरी धाडला. बायकोने, कलावतीने, तो निरखून पाहिला आणि फोन केला.

"अहो, परक्या माणसाच्या बाह्या जमीन झाडतायत. आणि माझ्या पोलक्याच्या बावीस वर्षं कोपराच्या वर."

यंदा सुट्टीला निघताना मास्टरने बॅगेत पोलक्यासाठी अख्खे दोन वार घेतले आहेत, आणि कात्री मुद्दाम दुकानातच ठेवली आहे.