रिकाम्या बाटल्यांतली साखर

शेजारच्या बाईंनी दिलेला केकचा डबा तुम्ही धुऊन रिकामाच परत केलात, हे तुमच्या आईने फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाली, "बरं केलं पोरांनी." असं ती का म्हणाली, हे तुम्हां दोघांना कळावं म्हणून लिहिते आहे. ही गोष्ट आठवली की अजून माझे कान तापतात.

तुमच्या जन्माआधीची गोष्ट. विरारला बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहत होतो: मी, तुमचे बाबा, लग्न होऊन वर्ष झालेली तुमची आई, आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी. मी फोर्टातल्या एका कचेरीत आयुष्यभर साहेबांची इंग्रजी पत्रं लिहून निवृत्त झाले होते. घरातल्या प्रत्येक डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी असे. पणजींना वाचता येत होतं, पण साखरेचा डबा त्या चिठ्ठीविनाही ओळखत.

तुमची आई वसई पूर्वेला एका प्रयोगशाळेत होती. तेव्हा एक नव्या तऱ्हेची पूड निघाली होती, इतकी बारीक की केसाच्या जाडीत तिचे हजारभर कण एका ओळीत मावावेत. ती रंगात घालत, उन्हाच्या मलमात घालत, मोज्यांतसुद्धा. पण श्वासातून आत गेली तर शरीराचं काय होतं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. एका देशातली प्रयोगशाळा म्हणे काही होत नाही, दुसरीकडची म्हणे होतं. म्हणून बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं: एकाच घाण्यातली पूड सगळ्यांनी वाटून घ्यायची, एकाच पद्धतीने तपासायची आणि आकडे शेजारी शेजारी मांडायचे. आपल्याकडे हे काम तुमच्या आईच्या सहीने चाललं होतं. तपासणीची ही फेरी नीट पार पडली तर पुढचीही तिच्याकडे राहणार होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटचं काम सगळ्यांत सोपं होतं. पुडीच्या रिकाम्या झालेल्या बाटल्या, जिथून आल्या त्या परदेशी प्रयोगशाळेत न धुता परत पाठवायच्या. काचेला किती पूड चिकटून राहिली, ते तिकडे मोजणार होते. त्या दिवशी कुरियरवाला प्रयोगशाळेत आलाच नाही. बाटल्या बाहेर न्यायच्या नाहीत असा नियम होता, पण रिकाम्याच तर आहेत, असं म्हणून ती खोका घरी घेऊन आली. सकाळी विरारच्या कुरियर ऑफिसात देऊन पुढे जाणार होती.

"हे कुणाचं गो?" पणजींनी विचारलं.

"परदेशातून आलं होतं, आजी. परत पाठवायचंय."

"आणि रिकामंच धाडणार?"

"रिकामंच पाठवायचं असतं."

"हो का," पणजी म्हणाल्या. मी तिथेच बसून भेंडी चिरत होते. त्यांचं ते "हो का" मला ओळखता यायला हवं होतं. इतकी वर्षं ऐकत आले होते.

काही आठवड्यांनी तिकडून ईमेल आली, त्यात लिहिलं होतं: तुमच्या प्रत्येक बाटलीत पांढरे खडे सापडले आहेत, चौकोनी, पाण्यात विरघळणारे. खुलासा करावा. तुमच्या आईने ती छापून आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. मी इंग्रजी वाचून सांगू लागले तेवढ्यात पणजी म्हणाल्या, "साखर घातली मी. चिमूट चिमूट. आलेलं भांडं रिकामं परत करतात का? त्यांना वाटायचं, कसल्या घरात दिलीन मुलगी."

मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. पण तुमच्या आईने आधी पणजींचे हात धरले. "आजी, झाकण उघडलंत तेव्हा काही उडालं का? वास घेतलात का?"

"रिकाम्या बाटलीचा कसला वास घ्यायचा?"

तुमचे बाबा म्हणाले, "लिहून टाक ना, लॅबमध्ये कुणीतरी चहा करताना सांडली."

"म्हणजे चहा करणाऱ्याची नोकरी घालवू?"

"मग मुंग्यांवर ढकल."

"मुंग्या साखर नेतात. आणून टाकत नाहीत."

उत्तर तिनेच लिहिलं आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिलं. शुद्ध होतं. खोका घरी आणला, ही माझी चूक, हे पहिलंच वाक्य.

पुढच्या आठवड्यात सगळ्या देशांची फोनवर बैठक झाली. आपल्याकडे संध्याकाळ होती. तिने घरच्याच फोनचा स्पीकर लावला आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. कुणीतरी विचारलं, साखरच का? तिने सांगितलं: आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. एकजण हसला, मग सगळेच. वाईट हसणं नव्हतं ते. तरी ज्या इंग्रजीचा मला जन्मभर अभिमान होता, त्या इंग्रजीत माझ्या स्वयंपाकघरावर हसणं चाललं होतं आणि मला दिवा मालवून टाकावासा वाटला.

मग बैठक चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, "आजींच्या श्वासात काही गेलं का?"

"माहीत नाही," तुमची आई म्हणाली. "आणि गेलं असेल तर काय होईल?"

हसणं थांबलं. तेच शोधायला तर सगळे जमले होते.

आपल्या प्रयोगशाळेचे आकडे त्या तक्त्यातून वगळले गेले. पुढची फेरी आली, पण सही दुसऱ्याची झाली. तुमच्या आईला विहिरींचं पाणी तपासायच्या टेबलावर बसवलं. ती कधी तक्रार करत नसे. फक्त पणजी खोकल्या की हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत बसे. पणजी त्यानंतरही बरीच वर्षं जगल्या आणि खोकला त्यांना थंडीत व्हायचा तेवढाच झाला. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, असं तुमची आई म्हणते.

वर्षभराने तपासणीच्या पद्धतीची नवी छापील प्रत आली. तिच्यात एक वाक्य जास्तीचं होतं: रिकाम्या बाटल्या प्रयोगशाळेतच सील कराव्यात, कोणत्याही कारणाने बाहेर नेऊ नयेत. त्या वाक्यावर बोट ठेवून तुमची आई मला म्हणाली, "आता हे सगळ्या देशांत वाचणार. आपल्या घरातलं आहे हे."

मी चष्मा पुसत राहिले. तिच्याकडे बघवेना.

आतल्या खोलीतून पणजींनी विचारलं, "त्यांचं काही आलं का गो? त्यांनी काय धाडलं परत?"

"एक ओळ आली, आजी."

"एवढंच?" पणजी म्हणाल्या. "आणि मी बाटलीबाटलीत साखर घातली!"