नकाशा विभागातलं मधलं पद

पालिकेच्या नकाशा विभागाची मी प्रमुख, आणि माझ्याखाली थेट कंत्राटी मुलंमुली. सकाळी ती गल्लोगल्ली फिरून घरं, गटारं, दिव्यांचे खांब टॅबवर नोंदवायची, दुपारी ते संगणकावर नकाशात बसवायची. आमच्या मध्ये कोणीच नव्हतं. एखादी बंद गल्ली रस्ता म्हणून दाखवायची की नाही, हेसुद्धा मलाच विचारलं जाई, आणि माझा डबा रोज गार होई.

बदलापूरला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर थेंब कसे घालायचे ते सांगत होते आणि मी जिन्यात उभी राहून फोनवर एका मुलाला विचारत होते, "गल्लीच्या टोकाची भिंत पक्की आहे का पत्र्याची?" आत गेले तोवर आईनेच सगळं ऐकून घेतलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्यातली सगळ्यात जुनी मुलगी म्हणाली, "मॅडम, मी सोडतेय." ती उल्हासनगर कॅम्प तीनची, सिंधी घरातली. मराठी बोलताना मध्येच हिंदीत शिरायची. "इतकी वर्षं झाली. कल आया हुआ लडका आणि मी, सेम पोस्ट. पुढे जायला इथे काही आहेच कुठे?"

तिला थोडं थांबायला सांगून मी माझ्या वरच्या साहेबांकडे गेले.

"माणसं आहेत की तुमच्याकडे. आणखी एक पद कशाला?" साहेब म्हणाले.

"माणसं आहेत, साहेब. ठरवणारं कोणी नाही. मी रजेवर गेले की काम अडतं."

"मग त्या पदाचं काम काय, ते लिहून आणा."

रविवारी बदलापुरात, बेलवलीच्या घरी बसून मी लिहिलं आणि सोमवारी तिला वाचायला दिलं. तिने सावकाश वाचलं.

"मॅडम, यात कामं खूप आहेत. पण मी काय ठरवायचं, ते कुठेच नाही."

आधी मला रागच आला. मग पाहिलं, तर खरंच प्रत्येक वाक्य 'प्रमुखांच्या मंजुरीने' असं संपत होतं. मला फक्त मदतनीस हवी होती. पुन्हा लिहिताना प्रभागाचा नकाशा तपासून अंतिम करण्याचा अधिकार मी त्या पदाला दिला. ते वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, हे खरं.

फाईल बरेच महिने फिरली. मंजुरी आली, जाहिरात निघाली, मुलाखतीला बाहेरचेही आले. निवड समितीत मी नव्हते. तिचं नाव लागल्याचं कळलं तेव्हा मला हलकं वाटलं.

आता मुलं टॅब घेऊन तिच्या टेबलाकडे जातात. परवा तिने अंतिम केलेला एक नकाशा मी सहज उघडला. मी घातला असता तो रस्ता तिने वगळला होता.

"हा का नाही घेतला?"

"पुढे गेट आहे, मॅडम. रात को बंद करते हैं. अँब्युलन्स गेली तर अडकेल."

मी बरं म्हटलं, नकाशा बंद केला आणि गरम असतानाच डबा खाल्ला.