घाबरलेल्या कुत्र्यांच्या घरी

आमच्या कामात किस्से जमवावे लागत नाहीत. बॅगेत उकडलेल्या चिकनचा डबा असतो, पनीरचे तुकडे असतात, आणि परत येताना त्याच बॅगेत काहीतरी ऐकलेलं, पाहिलेलं आपोआप पडलेलं असतं. लोक फोनवर एवढंच सांगतात, "मॅडम, आमचं कुत्रं चावतं." बाकीचं घरी गेल्यावर कळतं.

नगरला राहून मी हे काम करते. चावणारी, गुरगुरणारी, घाबरून कोपऱ्यात बसणारी कुत्री. मारायचं नाही, साखळीला हिसके द्यायचे नाहीत. कुत्र्यानं बरोबर काही केलं की लगेच खाऊ द्यायचा, एवढीच माझी पद्धत. ऐकायला सोपी आहे. घरातल्या माणसांना ती का जड जाते, ते हे किस्से ऐकलेत की लक्षात येईल.

*

शेवगावचे एक गुरुजी. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा जर्मन शेफर्ड टायगर जेवताना जवळ कुणी गेलं की गुरगुरायचा. घरात मालक कोण हे कुत्र्याला कळलं पाहिजे, असं गुरुजींना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ते रोज त्याच्या पुढ्यातलं ताट मध्येच उचलायचे आणि पुन्हा ठेवायचे. शेवटी टायगरनं त्यांचा अंगठा फोडला.

मी म्हणाले, ताट उचलू नका. उलट जाता जाता त्याच्या ताटात अंड्याचा तुकडा टाका आणि पुढे निघून जा. तुम्ही आलात की काहीतरी वाढतं, कमी होत नाही, हे त्याला कळू द्या.

गुरुजींना ते पटेना. ही तर लाच झाली, असं त्यांचं म्हणणं. शिस्त आणि लाच यातला फरक ते मला बराच वेळ समजावत होते. त्यांच्या पत्नी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज तुम्ही जेवायला बसलात, की मी तुमचं ताट मध्येच उचलून बघू का?"

दुसऱ्या दिवसापासून अंडं सुरू झालं.

बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. ते अंगणातून जात होते आणि टायगर जेवत होता. त्यानं ताटातून तोंड काढलं, दोन पावलं मागे सरकला आणि शेपूट हलवत त्यांच्याकडे बघत उभा राहिला. एवढं सांगून गुरुजी म्हणाले, "त्यानं जागा दिली हो मला."

*

नेवाशाच्या पुढे उसातली एक वस्ती. तिथला राजा म्हणजे रुंद छातीचा गावठी कुत्रा. भरदुपारी अंगणात बिबट्यानं त्याची मान धरली होती. माणसं ओरडत धावली म्हणून सुटला. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनीच नंतर मला पाठवलं. जखम भरली होती, पण राजा घरातल्या खाटेखालून बाहेर येत नव्हता. सगळं तिथेच करायचा. घरातल्या धाकट्या भावानं, भीती मोडायची म्हणून, त्याला साखळीनं ओढत उसाच्या कडेपर्यंत नेलं. राजानं त्याच्या हाताचा चावा घेतला.

घरची सून कमल. तिला मी सांगितलं, ओढायचं नाही. त्यानं आपण होऊन एक पाऊल टाकलं की भाकरीचा दुधात भिजवलेला तुकडा द्यायचा. तो मागे फिरला की आपणही मागे फिरायचं. पण कमलला दिवसभर शेत आणि जनावरं. म्हणून हे काम मी तिच्या सासूबाईंकडे, आत्याबाईंकडे, दिलं. आत्याबाई दिवसभर घरातच असायच्या, खाटेच्या बाजूला भिंतीला टेकून.

त्या कधीपासून घरातच असायच्या, हे मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं घरात बसणं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कमलनं ते नंतर सांगितलं. बिबट्या आला तेव्हा आत्याबाई अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या सुपापासून हातभर अंतरावर राजा होता. त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. मोरीसुद्धा आतलीच वापरायच्या.

आत्याबाई खाटेखाली भाकरी देऊ लागल्या. मग खाटेबाहेर. मग उंबऱ्यावर बसून बाहेरच्या पायरीवर. पायरीवर तुकडा ठेवायचा तर हात बाहेर काढावा लागतो. पुढचा तुकडा त्याच्या पलीकडे ठेवायचा तर आपल्याला पायरीवर यावं लागतं.

मी गेले तेव्हा दोघं गोठ्यापाशी उन्हात बसलेली होती. कमल मला बाजूला घेऊन म्हणाली, "राजाचं राहू द्या मॅडम, आमच्या आत्याबाई भाईर आल्या."

मी जवळ जाऊन त्यांना म्हणाले, छान केलंत, राजाला एवढ्या लांब आणलंत.

आत्याबाईंनी मान हलवली. "म्या न्हाई आनलं. त्यो म्होरं हुता, म्या त्याच्या मागं आले."

*

नगरमध्ये जुन्या बाजारात रहीमचाचांचं शिलाईचं दुकान आहे, मागेच घर. त्यांच्या मुलानं, इरफाननं, रस्त्यावरचं एक कुत्रं घरी आणलं. त्याला कुणीतरी भरपूर मारलं होतं. हात पुढे आला की ते चावायचं. इरफानचा जीव होता त्याच्यावर, म्हणून तो सारखा हात पुढे करायचा आणि सारखा चावून घ्यायचा.

चाचांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, हात न लावता याला शिकवता येईल का? कुत्र्याची लाळ लागली की नमाजाआधी सगळं पुन्हा धुवावं लागतं, त्यांना ते जमणार नव्हतं. हे सांगताना ते ओशाळले होते. मला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं असावं.

मी म्हणाले, चाचा, या कुत्र्याला तुमच्यासारखाच माणूस पाहिजे.

चाचा मागच्या अंगणात खुर्ची टाकून काजं-बटणं करत बसायचे. मधूनच वर न बघता चिकनचा एक तुकडा लांब टाकायचे. कुत्रं तो उचलून पळायचं. पुढे पुढे ते पळेनासं झालं. मग खुर्चीपासून थोडं दूर झोपायला लागलं. इरफानला हे लागलं. मी एवढं करतो आणि हे अब्बांपाशी झोपतं, असं तो माझ्यासमोरच म्हणाला.

चाचा सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "तू हात पुढे करतोस. मी करत नाही. एवढंच आहे."

त्यानंतरचं इरफाननंच मला सांगितलं. एके दिवशी दुपारी त्या कुत्र्यानं येऊन चाचांच्या पावलावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. चाचांनी पाय हलवला नाही. शिवण खाली ठेवली आणि तसेच बसून राहिले. अजान झाली तरी बसले होते. कुत्रं आपण होऊन उठलं, तेव्हा ते उठले. पाय धुतले, कपडे बदलले, हात-तोंड धुऊन वुजू केली आणि मशिदीत गेले.

आता ते रोज एक जास्तीचा पायजमा दुकानात ठेवतात.

*

सगळेच किस्से असे नसतात. एका बंगल्याच्या गच्चीवर सुलतान नावाचा रॉटवायलर होता. दिवसभर उन्हात, साखळीला. एकदा साखळी निसटली आणि तो दूधवाल्याला चावला म्हणून मला बोलावलं. मालकांना शॉकचा पट्टा हवा होता. बटण दाबलं की कुत्रं गप्प. मी नाही म्हणाले. याला खाली आणा, फिरवा, आणि लोकांना धोका नको म्हणून आधी तोंडाला जाळी घालायला शिकवू या, असं सांगितलं.

जाळी कुत्र्याच्या तोंडावर जबरदस्तीनं चढवली की तो चवताळतो. म्हणून आम्ही जाळीच्या आत पनीर ठेवतो आणि ती नुसती हातात धरून बसतो. सुलतान फार हुशार होता. थोड्याच दिवसांत जाळी दिसली की तो धावत यायचा आणि आपलं एवढं मोठं तोंड स्वतःच तिच्यात घालून बसायचा. तेव्हा त्याचं शेपूट हलायचं. गच्चीवर त्याच्यापाशी येऊन बसणारं दुसरं कुणी नव्हतं.

मालकांना फिरवायला वेळ मिळाला नाही. पुढच्या खेपेला मी गेले तर गच्ची धुऊन काढलेली होती. एका मित्राच्या फार्मवर पाठवला, म्हणाले. कुठला फार्म, ते सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं, तर विषय बदलला. जाळी खिळ्याला टांगलेली होती. ती हवी तर घेऊन जा, म्हणाले.

मी आणली. अजून कुठल्या कुत्र्याला वापरलेली नाही.

*

श्रीरामपूरच्या एका घरी चिमी नावाची छोटी तांबूस कुत्री होती. घरात दीपक, त्याची बायको वैशाली आणि शाळेत जाणारी मुलगी. गेटपाशी दीपकची मोटारसायकल वाजली की चिमी सोफ्याखाली जायची आणि तिथेच तिला लघवी व्हायची. दीपकला याचं फार वाईट वाटायचं. त्यानंच मला बोलावलं होतं. "मी हिला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही, मॅडम," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्याला कामावरून कुणाचा तरी फोन आला. तो फोनवर ओरडायला लागला. चिमी फरशीला चिकटल्यासारखी सपाट झाली. मी त्याला खुणेनं तिच्याकडे बघायला सांगितलं. त्यानं बघितलं. फोन ठेवला आणि खालीच बसला.

मी नियम सांगितले. घरात कुणीही आवाज चढवायचा नाही. दार आपटायचं नाही. वस्तू फेकायची नाही. राग आला तर गेटबाहेर जायचं, शांत झालं की यायचं. बाहेरून आल्यावर आधी खाली बसायचं आणि चिमीसाठी खाऊ ठेवायचा. दीपकनं सगळं नीट ऐकून घेतलं. वैशाली दाराला टेकून उभी होती. तिनं नियम पुन्हा एकदा सांगायला लावले.

दीपकनं ते पाळले, हे मी शपथेवर सांगेन. मुलगी मला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. सुरुवातीला कुजबुजत बोलायची. चिमी आज सोफ्याबाहेर आली. चिमीनं आज पप्पांच्या हातून खाल्लं. मग हळूहळू तिचा आवाज मोठा झाला. एकदा तर ती सांगता सांगता गाणंच म्हणायला लागली.

काही महिन्यांनी मी बघायला गेले. मोटारसायकल वाजली तशी चिमी गेटकडे धावली. स्वयंपाकघरात वैशालीच्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं, तर चिमीनं नुसतं मान वर करून बघितलं आणि पुन्हा झोपली. मी वैशालीला म्हणाले, हिची भीती गेली. आता नियम थोडे सैल केले तरी चालतील.

वैशाली चहा गाळत होती. तिचा हात थांबला. तिनं स्वयंपाकघराचं दार अर्धवट ओढून घेतलं.

"मॅडम, ती बरी झाली असं यांना सांगू नका."

मी तिच्याकडे बघितलं. ती गाळणीकडे बघत होती.

बाहेर आले तेव्हा दीपक फरशीवर बसला होता आणि चिमी त्याच्या मांडीवर उताणी पडली होती. मुलगी शेजारी अभ्यास करत होती. तो उत्साहानं म्हणाला, बघा, काय फरक पडलाय. मग आता झालं ना?

मी म्हणाले, "नाही. भीती आत असते. दिसत नाही. नियम तसेच ठेवावे लागतील."

"किती दिवस?"

"कायम."

मुलीनं वहीतून मान वर केली. दीपकनं जरा विचार केला, चिमीच्या पोटावरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाला,

"ठीक आहे. हिच्यासाठी एवढं करू की."