मरणासाठी राखलेलं सरपण

घरजावई म्हणजे बिनपगारी गडी, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण दोरिना तेव्हा दिसायलाच तशी होती. तिच्या घरात पुरुष माणूस नव्हता, माझ्या घरात भाऊ उदंड होते, म्हणून मी माझी पेटी उचलली आणि सासूबाईंच्या दारात आलो. सासूबाईंनी पेटीकडे बघितलं नाही. माझ्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "लाकडं फोडता येतात का?"

येतात म्हणालो. तेवढंच माझं चुकलं.

सासूबाईंचं नाव सावेता. अंगानं वाळलेल्या शेंगेएवढ्या, आवाज मात्र चर्चच्या घंटेचा. मी कुऱ्हाड उचलली की या स्टूल घेऊन अंगणात हजर. "जावईबापू, लाकूड फोडताय की त्याला समजावताय?" "गाठीवर नका मारू, गाठीनं तुमचं काय वाकडं केलंय?" "पाय फाकवून उभे राहा, नाहीतर लाकडाऐवजी नडगी फुटेल आणि नडगी चुलीत घालता येत नाही." इतर वेळी मी तिबी आणि अरे-तुरे. टोमणा मारायचा असला की जावईबापू आणि अहो-जाहो. वर्षानुवर्षं हेच चाललंय. मी त्यांच्या घरात जेवढी लाकडं फोडली तेवढ्यांत एक गाव वसलं असतं, पण 'बरी फोडलीस' असं एकदा तोंडातून निघालं असेल तर शपथ.

तेही मी सोसलं. सोसलं नाही ते त्या गोठ्यामागच्या राशीचं प्रकरण.

गोठ्याच्या मागे, उन्हाच्या बाजूला, फागाच्या लाकडांची एक रास होती. फाग म्हणजे आमच्या डोंगरातलं सरपणाचं खरं झाड. बाकीची नुसती जळतात, फाग ऊब देतो. ही रास अशी रचलेली, की भिंत बांधणाऱ्या गवंड्यानं तोंडात बोट घालावं. टोकांना आडवी-उभी गुंफण, वर पत्रा, पत्र्यावर जुनी सतरंजी, सतरंजीवर दगड. दर रविवारी चर्चमधून आल्यावर सासूबाई मागे जायच्या, दोन फाळ्या काढून एकमेकींवर वाजवायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. वाळलेला फाग खणखणतो. खणखणला की समाधानानं परत ठेवायच्या आणि सूप प्यायला आत यायच्या.

ती त्यांच्या मरणाची लाकडं होती.

आमच्यात माणूस मातीत जातो, लाकडं कढयांखाली जातात. कुणी गेलं की सगळं गाव त्याच्या अंगणात जेवतं. मोठमोठ्या कढयांत सूप उकळतं, कोबीच्या पानांत भात-मांस गुंडाळून केलेले सारमाले शिजतात, आणि हे सगळं उघड्यावर, लाकडांवर. म्हातारी माणसं आपल्या मरणाची तयारी आपणच करून ठेवतात. मेणबत्त्या, टॉवेल, नेसायचे कपडे, सगळं एका पेटीत. सासूबाईंची पेटी तयार होतीच, पण त्यांचा जीव अडकला होता लाकडांत. त्यालाही कारण होतं. सासरे गेले तेव्हा घरात ओली लाकडं होती. कढया धुमसत राहिल्या, पाद्रीबाबांचे डोळे चुरचुरले, आणि सारमाले कच्चे राहिले. शेजारचा इलारिये भर पंगतीत म्हणाला, "कोबीचं पान बरंय, पण आतला तांदूळ अजून शेतातच आहे." सगळे हसले. विधवेच्या अंगणात, नवऱ्याला पुरून आल्यावर. तेव्हापासून या घराचं नाव 'कच्चा तांदूळ' पडलं. मी लग्न करून आलो तेव्हा पोस्टमनसुद्धा म्हणाला, "अच्छा, तू कच्च्या तांदळाचा जावई होय."

एवढं सगळं मला कळतं. मी दगड नाही. पण गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात काय झालं ते ऐका आणि मग मला सांगा.

शरदात पाऊस थांबेना. जंगलाचा रस्ता वाहून गेला. सगळ्या गावाची लाकडं उशिरा आली, तीही ओलीचिंब, काहींवर तर पानं हिरवी. फोडली, रचली, पण वाळणार कधी? बर्फ दाराशी आलेला. चुलीत घातली की टोकांतून फेस यायचा, सुंसुं करायची, आणि धूर असा की भिंतीवरचा संत निकोलाय दिसेना. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण ज्यानं काढली, त्याच्या घरात सुकं होतं. आमच्या घरात सुकं गोठ्यामागे होतं आणि त्याला हात लावायची बंदी होती.

आणि सासूबाई खोकायला लागल्या. आधी सकाळी, मग दिवसभर. शहरातून डॉक्टरीण आली, छातीला नळी लावली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "यांना धुरात ठेवू नका. वयाला हे झेपणार नाही."

मी आत गेलो. "आई, मागची लाकडं आणतो. थोडीच."

"कोण मेलं?"

"कुणी नाही. तुम्ही मराल अशानं."

"मग तेव्हा आण."

सांगा, या बाईपुढे माणसानं काय डोकं फोडावं? मरणासाठी ठेवलेल्या लाकडांपायी मरायला निघालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. दोरिनाला म्हटलं, तू सांग तुझ्या आईला. ती म्हणाली, "मी तिची मुलगी आहे, वेडी नाही." आणि भांडी घासायला गेली.

एका दुपारी सासूबाईंना डुलकी लागली तेव्हा मी मागे गेलो. राशीच्या पाठीमागून चार फाळ्या ओढल्या, त्या जागी ओल्या कोंबल्या आणि चुलीत घातल्या. काय सांगू, देवाघरची ऊब. धूर गेला, खोली सोनेरी झाली, मांजरसुद्धा पाठीवर लोळलं. सासूबाईंनी डोळे उघडले. खोकल्या नाहीत. नाक वर केलं.

"धूर नाही," त्या म्हणाल्या.

"हवा पालटली असेल."

त्या उठल्या, चुलीचं दार उघडलं, चिमट्यानं जळती फाळी बाहेर काढली, तशीच हातभर लांब धरून अंगणात गेल्या आणि बर्फात खुपसली. मग दुसरी. मग तिसरी. चौथीचा कोळसा झाला होता, तिच्याकडे नुसतं बघितलं. अंगावर शाल नाही, पायांत घरातल्या चपला. परत आल्या त्या खोकत खोकत भिंतीला धरून. अर्ध्या जळक्या फाळ्या त्यांनी चुलीमागे वाळवल्या आणि पुन्हा राशीत नेऊन लावल्या. माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे सुंभसुद्धा जळू देत नव्हत्या. मी इतका संतापलो होतो की गोठ्यात जाऊन गाईला सगळं सांगितलं. निदान तिनं ऐकून तरी घेतलं.

फेब्रुवारीत, ऐन बर्फात, सकाळी घंटा वाजली. इलारिये गेला. तोच, तांदूळ शेतात आहे म्हणणारा. एकटाच राहायचा. त्याची मुलगी कोर्नेलिया इटलीत परक्या म्हाताऱ्यांची सेवा करते. ती बसनं आली, पायांत शहरी पातळ बूट, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाशी उभी राहिली.

"तिबीदादा, सुकी लाकडं मिळतील का थोडी? उद्या माती आहे. सगळीकडे विचारून आले. बाबांच्या छपरीत सगळी ओली आहेत."

"आमचीही तशीच गं," मी म्हणालो. "यंदा गावात सुकं कुणाकडेच नाही."

वर खिडकी उघडली. "खोटं बोलतोय तो," सासूबाई म्हणाल्या. "गाडी जुंप, तिबी."

मला वाटलं तापात बरळतायत. वर गेलो. त्या कोट चढवत होत्या.

"आई, तुमच्या छातीसाठी मी एक फाळी मागितली तर तुम्ही बर्फात खुपसलीत. आणि आता या इलारियेसाठी? ज्यानं तुमच्या घराला नाव ठेवलं त्याच्यासाठी?"

"हो."

"का पण?"

"तो जिवंत असता तर मी खिडकीत बसून गंमत बघितली असती. आता त्याला तोंड नाही. मी हसले तर उलट कोण बोलणार?" त्या कोटाचं बटण लावत होत्या. "आणि ती पोर. उद्या ती परत इटलीत जाईल. तिकडे परक्यांच्या उशाशी बसून तिनं आयुष्यभर काय आठवायचं? बापाच्या पंगतीतला कच्चा भात? मी आठवतेच आहे. एकीनं आठवलं तेवढं बस झालं."

मी खाली आलो. राग तर होताच. घोड्याला शिव्या देत देत मी गाडी भरली.

दुसऱ्या दिवशी इलारियेच्या अंगणात कढया चढल्या. सासूबाई स्टुलावर आगीपाशी बसल्या, कुणालाही हात लावू देईनात. "बारीक आधी. आता जाड. तिथे नको, तळाशी." फाग असा जळत होता की धुराचा धागा नाही. सूप उकळलं, सारमाले शिजले, माणसं बर्फात उभी राहून गरम गरम जेवली आणि पाद्रीबाबांनी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. कोर्नेलियानं पहिला सारमाला सासूबाईंना दिला. त्यांनी तो मोडला, आत बघितलं, एक दाणा बोटांत दाबला.

"शिजलाय," त्या म्हणाल्या, आणि खाल्ला.

गावातली माणसं बघत होती. मी आपला मनात हिशोब करत होतो, निम्मी तरी लाकडं उरतील, आज रात्रीपासून घरात ऊब. कसलं काय. सगळी घातली. अर्धवट जळक्या फाळ्यासुद्धा. मी म्हणालो, आई, जेवण झालंय, आता कशाला? तर म्हणे, भांडी धुवायला गरम पाणी नको का? मी घरी येऊन ओल्या लाकडावर अशी कुऱ्हाड हाणली की दांडाच मोडला.

आणि मग त्या पडल्याच. ताप, खोकला, अंथरुणातून उठता येईना. पाद्रीबाबा तेल लावून प्रार्थना म्हणून गेले. डॉक्टरीण पुन्हा आली आणि या वेळी मला बाजूला न घेताच मान हलवली. सासूबाई छताकडे बघत पडलेल्या. एकदा मी पाणी द्यायला वाकलो तर हळूच म्हणाल्या, "तिबी, आता ओल्यावरच होणार रे माझं."

मी बाहेर आलो. अंगणात उभा राहून मी आमचं ओकचं फाटक बघत होतो. माझ्याच हातचं, वाळलेलं, जाड. मग गोठ्याचं दार. मग कुंपणाच्या फळ्या. दोरिना मागे येऊन उभी राहिली.

"फाटक तोडणार तू आईसाठी?"

"आईसाठी नाही. तिच्या जिभेसाठी. कच्चा तांदूळ झाला तर ती कबरीतून उठून बोलेल मला."

दोरिना रडायला लागली. मीही जरा नाक पुसलं. थंडी होती.

पण त्या गेल्या नाहीत. ईस्टरच्या सुमारास बर्फ वितळलं, खिडक्या उघडल्या, धूर गेला आणि सासूबाई उठून बसल्या. पहिलं वाक्य काय, तर "कुऱ्हाडीला नवा दांडा कुणी घातला? वाकडा आहे." डॉक्टरीण म्हणाली, नशीब. मी म्हणालो, हट्ट.

रस्ता सुरू झाल्याबरोबर त्यांनी फाग मागवला. घरासाठी वेगळा, आणि गोठ्यामागे वेगळा. गाडी रिकामी झाली, मी गोठ्यामागचे ओंडके फोडायला घेतले, आणि स्टूल आलं. या वेळी ते त्यांना उचलवेना, दोरिनानं आणून दिलं. त्या शालीत गुंडाळून उन्हात बसल्या. दोन पावलं चालल्या की दम लागायचा. मनगटं अशी झाली होती की बघवत नव्हती.

"दोन उन्हाळे लागतील वाळायला," त्या म्हणाल्या. "तोवर मला मरायला सवड नाही. त्या डॉक्टरणीला सांग."

"सांगतो."

मी ओंडका उभा केला, पाचर ठोकली, घण मारला. ओंडक्याचे दोन तुकडे झाले. तेवढेच करून मी ते राशीवर टाकले आणि दुसरा ओंडका घेतला. त्याचेही दोन. तिसऱ्याचेही. सासूबाई बघत होत्या. मी मान वर केली नाही.

"तिबी."

"काय?"

"इतकी जाड? दोन उन्हाळ्यांत नाही वाळायची ही. चार लागतील. पाचसुद्धा."

"लागू देत," मी म्हणालो आणि पुढचा ओंडका उभा केला.

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली.

"बरी फोडतोयस," त्या म्हणाल्या. "सगळी तशीच फोड."