ह्यांचा पासवर्ड

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. उजवा हात हळूहळू पहिल्यासारखा चालू लागला, पण शब्द परतले नाहीत. पाणी हवं असलं तरी "ते... ते..." एवढंच. माझं नावही येईना.

पावणे इथल्या औद्योगिक वसाहतीत ह्यांचा छोटा कारखाना आहे, प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचा. सगळी ड्रॉइंग एका हार्ड डिस्कमध्ये, आणि कुणी चोरू नयेत म्हणून डिस्कला ह्यांनीच घातलेला पासवर्ड. आम्हाला तो ठाऊक नव्हता. मुलीने अंदाजाने बरेच टाकून पाहिले, मग घाबरून आम्ही दोघी वाशीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"ताई, ही फोडली तरी पासवर्डशिवाय आत नुसता अक्षरांचा कचरा दिसेल," तो म्हणाला. "आणि अजून दोनदा चुकलात तर सगळं आपोआप पुसलं जाईल."

तळहाताएवढी वस्तू. ह्यांचं उभं आयुष्य तिच्यात, आणि कुणाला ते बाहेर काढता येत नव्हतं. मला तिला हात लावायचीही भीती वाटायची.

ह्यांना विचारलं की डोळे मिटून आठवायचे, घामाघूम व्हायचे, शेवटी रडायचे. मी म्हटलं, पुरे आता.

एका दुपारी आमच्या उलव्यातल्या घरी मुलीने पुन्हा एकदा बघावं म्हणून डिस्क लॅपटॉपला जोडली, तेवढ्यात फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली. हे सवयीने लॅपटॉपपुढच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी ओट्यापाशी होते. सहज विचारलं, "अहो, कोलंबीत कैरी घालू ना?"

ह्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. आणि नजर माझ्यावर असतानाच बोटं चालू लागली. दोन्ही हातांची, भराभर, कुठेही न अडखळता. मी ओरडणार तोवर एंटर दाबलं गेलं होतं.

पडद्यावर सगळे फोल्डर उघडले.

मुलगी धावत आली. "बाबा, काय टाकलंत?"

हे आपल्याच हातांकडे बघत राहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. "ते... ते..."

सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरेपर्यंत आम्ही कुणी जागचे हललो नाही.

ह्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "होतं असं. शब्द एकीकडे साठतात, हाताची सवय दुसरीकडे." त्यांना त्यात नवल नव्हतं. मला अजून आहे. इतकी वर्षं संसार केला त्या माणसाच्या आत एवढं काही असेल, आणि ते त्यालाही दिसत नसेल!

कारखाना आता मुलगी बघते. नव्या डिस्कचा पासवर्ड आम्हा तिघांना ठाऊक आहे. जुन्याचा अजून कुणालाच नाही, ह्यांनासुद्धा.